हळदीच्या पानात ऊन कुठं जातं?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत परिसरात मे-जूनमध्ये हळद लागते आणि साधारण जानेवारीपासून काढणी सुरू होते. मधल्या महिन्यांत जमिनीखालचे कंद भरत जातात. त्यांतला पिष्टमय साठा मात्र मातीतून येत नाही. तो तयार होतो पानांत.

पानातलं हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतं. त्या ऊर्जेनं पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. हवेत हा वायू असतो जेमतेम ०.०४ टक्के!

मग ऊन वाढेल तसं अन्नही वाढेल का? एका मर्यादेपर्यंतच. हळद, सोयाबीन, तूर यांच्या एकेका पानाला भर दुपारचं सगळं ऊन वापरता येत नाही. त्यातच जमिनीत ओल कमी पडली, की पाणी वाचवण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, वायू आत येईनासा होतो आणि अन्ननिर्मिती मंदावते.

ज्वारीची तऱ्हा वेगळी. तिच्या पानात हा वायू आधी दाट केला जातो, म्हणून छिद्रं थोडी मिटली तरी काम चालू राहतं. ऊस आणि मकाही याच गटातले. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास करून ही प्रक्रिया मांडली.

हरितद्रव्य घडायला नत्र लागतं. शिवाय काळ्या जमिनीत पाणी साचलं तर मुळं गुदमरतात. त्यामुळे हळदीची पानं अवेळी पिवळी पडू लागली, तर शेतकऱ्यांनी आधी पाण्याचा निचरा पाहावा आणि माती परीक्षणानुसारच नत्र द्यावं.