गांजा आणि मेंदूची घडण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने 'व्यसने आणि तरुण पिढी' हा विषय आम्हांस नेमून दिला, तेव्हा त्याचा विस्तार आम्ही बुद्ध्याच आखडता घेतला. दारू आणि तंबाखू यांविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. गांजाचे नाव मात्र आपल्या घरांतून अद्यापि दबक्या आवाजातच घेतले जाते, आणि घेतले गेलेच तर दोन ठराविक वाक्ये कानी पडतात. वडील मंडळी म्हणतात, 'गांजाने मेंदू सडतो.' महाविद्यालयात जाणारी मुले म्हणतात, 'ती तर वनस्पती आहे, शंकराचा प्रसाद आहे. कॅनडात २०१८ पासून कायद्याने विकतात.' या दोहोंपैकी एकही वाक्य प्रश्न मिटवीत नाही. त्यांतील खरेखोटे निवडणे एवढेच आज आमचे काम. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहोत. परंतु वाचलेले नीट समजावून सांगणे हाच आमचा जन्माचा व्यवसाय झाला.

एकाच झाडाची ही तीन रूपे : पाने वाटली की भांग, मादी झाडाचा फुलोरा वाळविला की गांजा, आणि त्याची राळ म्हणजे चरस. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. शंकराच्या प्रसादाची गोष्ट निघते ती बहुधा भांगेची, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर जे ओढले जाते तो गांजा असतो, एवढा भेद तरी मुलांनी ध्यानात घ्यावा.

या वस्तूची चौकशी आपल्याच देशात फार पूर्वी झाली आहे. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यामुळे १८९३ साली हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले. त्या काळी मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे, तेव्हा हा प्रश्न आपल्या मुलखाला परका नव्हता. आयोगापुढील मुख्य शंका हीच होती की, गांजाने माणूस वेडा होतो काय? सदस्यांनी जे केले ते आम्हांस आजही अनुकरणीय वाटते. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिले होते. आयोगाने ते आकडे मान तुकवून स्वीकारले नाहीत. एकेक प्रकरण उघडून पाहिले. तेव्हा असे आढळले की, रुग्णाबरोबर पाठवावयाच्या तक्त्यात कारणाचा रकाना भरावा लागे, आणि माणूस कधी चिलीम ओढी एवढे कानावर आले की लिहिणारा 'गांजा' लिहून मोकळा होई. छाननीअंती २२२ चे ९८ उरले, आणि त्यांतही ६१ प्रकरणांतच गांजा हे एकमेव कारण ठरले. सरकारी तक्ते कसे भरतात हे ज्यांनी नोकरीत पाहिले आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही. बेताचे सेवन बहुधा निरुपद्रवी, अतिरेक मात्र घातक आणि दुबळ्या मनाच्या माणसास वेडापर्यंत नेणारा, असा निष्कर्ष आयोगाने १८९४ मध्ये दिला. तथापि जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. क्ष-किरणांचा शोधच मुळी पुढच्या वर्षी लागला.

गांजा मेंदूत नेमके काय करतो, हे कळावयास आणखी शतक लागले. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी त्यातील कैफ आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. त्याचे नाव लांबलचक आहे, संक्षेपाने टी. एच. सी. म्हणतात. १९८८ मध्ये अमेरिकेत असे दिसून आले की, मेंदूतील पेशींवर या द्रव्याला बसावयास जणू कुलपेच आहेत. मग प्रश्न आला, मनुष्याच्या मेंदूत गांजाचे कुलूप कशाला? अर्थात त्याची किल्ली शरीर स्वतःच घडवीत असले पाहिजे. ती १९९२ मध्ये जेरुसलेम येथे सापडली, आणि शोधकांनी तिला आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले! हे वाचून आम्हांस मौज वाटली, हे लपवीत नाही.

या किल्लीचे काम आनंद देणे एवढेच नाही. एक पेशी दुसरीस संदेश धाडते. तो पुरेसा पोचला की घेणारी पेशी उलट खूण करते, 'आता पुरे.' वर्गातला हुशार मुलगा मास्तरांना डोळ्यांनीच सांगतो की समजले, पुढे चला, तसे. ही खूण अचूक वेळी, अचूक जागी, क्षणभरच व्हावयाची असते. गांजाचे द्रव्य मात्र ठिकठिकाणच्या कुलपांत एकदम शिरते आणि बराच वेळ तेथेच बसून राहते. स्मरण साठविणाऱ्या 'हिप्पोकँपस' नामक भागात ही कुलपे दाट आहेत. म्हणून चिलीम ओढलेल्यास आरंभलेले वाक्य पुरे करतानाही आठवत नाही. मेंदूच्या पुढच्या भागातही ती आहेत. तोल सांभाळणे, मोह आवरणे, उद्याचा विचार करणे हे त्या भागाचे काम. कपाळामागचा हा भाग सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास पक्व होतो. चौदा ते वीस या वयात तेथे नको असलेल्या जोडण्यांची छाटणी चाललेली असते, आणि त्या छाटणीवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेत हीच कुलपे सामील आहेत. मुद्द्याची गोष्ट ती ही.

आता मेंदूच्या आकाराविषयी. १९७१ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी दहा तरुण गांजेकसांच्या मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणाने चित्रे घेतली, आणि मेंदू आकसला असे जाहीर केले. 'मेंदू सडतो' या वाक्यास त्यामुळे मोठाच आधार मिळाला. परंतु त्या तरुणांनी एल. एस. डी. आदी इतर मादक द्रव्येही घेतली होती. १९७७ मध्ये नव्या सी. टी. यंत्राने अमेरिकेत दोन ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा तसा आकस आढळला नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दहा वर्षांहून अधिक काळ रोज पाचांहून जास्त विड्या ओढणारे पंधरा जण तपासले. त्यांचा हिप्पोकँपस इतरांच्या मानाने १२ टक्के लहान भरला. २०१५ मध्ये दुसऱ्या मंडळींनी दारूचे प्रमाण सारखे असलेली माणसे निवडून तुलना केली, तर रोज ओढणारे आणि न ओढणारे यांच्या मेंदूच्या आकारात फरक दिसेना. अशा परस्परविरोधी वार्ता ऐकून मुले हसतात, आणि हसावयास त्यांना जागाही आहे. पण या सर्व तपासण्यांत मेंदू एकदाच पाहिला होता. तो आधीपासूनच तसा होता काय, हे त्यांतून कळत नाही.

म्हणूनच २०२१ साली प्रसिद्ध झालेली युरोपातील पाहणी आम्ही अधिक वजनाची मानतो. तीत ७९९ मुलामुलींच्या मेंदूची चित्रे चौदाव्या वर्षी, म्हणजे गांजास कोणीही शिवले नव्हते तेव्हा, आणि पुन्हा पाच वर्षांनी घेतली. या वयात मेंदूचे करडे आवरण सर्वांचेच थोडेफार पातळ होते. ती वाढीचीच खूण होय. परंतु मधल्या काळात ज्यांनी गांजा जितका अधिक घेतला, तितके त्यांच्या कपाळामागील आवरण अधिक वेगाने पातळ झालेले आढळले. आणि ते विशेषकरून तेथेच, जेथे ती कुलपे दाट असतात. याने अखेरचा शब्द लागला असे नव्हे. पण वयाचा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही. चाळिशीचा गोसावी आणि सोळा वर्षांचा विद्यार्थी यांना एकाच चिलमीने सारखेच होईल, असे धरून चालणे गैर आहे.

दिलाशाची बाजूही सांगितली पाहिजे. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूतील ही कुलपे संख्येने घटतात. परंतु सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर ती बहुतांशी पूर्ववत होतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. तेव्हा एखाद्या मुलाने मध्येच सोडले, तर 'आता काय उपयोग' असे त्यास कोणी म्हणू नये.

आकारापेक्षाही भयंकर गोष्ट वेगळीच आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांची पुढे पंधरा वर्षे नोंद ठेवली. पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. इतर कारणे वजा करता हा आकडा उतरतो, नाहीसा होत नाही. घराण्यात कोणास हा आजार असेल, तर त्या घरच्या मुलास धोका अधिक. आणि येथेच, बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीची एक रीत आड येते. घरात कोणी आजारी होते हे आपण मुलांनाही सांगत नाही. काकांचे 'जरा विचित्र होते' म्हणून सोडून देतो. वधूवर मेळाव्यात कोणी विचारू नये, एवढीच धडपड. ज्या मुलास ही माहिती सर्वांहून अधिक हवी, त्याच्याच पासून ती लपविली जाते. कानात आवाज येऊ लागलेल्या मुलास अंगाऱ्याधुपाऱ्यावर ठेवणारी आणि 'लग्न झाले की ताळ्यावर येईल' म्हणून स्थळे पाहणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या मुलीचा विचार कोणी केला?

पुण्यास १९८६ पासून मुक्तांगण आहे. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. नाव सांगण्याची सक्ती नाही. हा क्रमांक सभागृहाच्या दारातील फळ्यावर लिहून ठेवला आहे.

अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. वडील मंडळी चहास उठतील तेव्हा मुलामुलींनी थोडे मागे थांबावे. त्यांचे जे काही प्रश्न असतील ते ऐकावयास आम्ही येथेच बसलो आहोत.