अठरा अंगठे

गरिबी कधी हटत नाही, असे आपण म्हणतो. मीही म्हणत होतो. पण १९९० साली जगात शंभरांत पस्तीसहून जास्त माणसांना हातातोंडाची गाठ घालणे कठीण होते. आज अशी माणसे शंभरांत दहाच्या आसपास आहेत.

सर्वांत मोठी घट झाली चीनमध्ये. तिथे शियाओगांग नावाचे गाव आहे. तेव्हा शेती सगळी सामाईक. राबणारा आणि बसून राहणारा, दोघांचा वाटा सारखाच. मग राबायचे कोणी? लोक भीक मागायला बाहेर पडत.

१९७८ साली तिथले अठरा शेतकरी गुपचूप जमले. त्यांनी शेती घरोघर वाटून घेतली. सरकारचा हिस्सा सरकारला द्यायचा, उरेल ते ज्याचे त्याचे. कागद केला, अंगठे उठवले. अंगठा म्हटला की आम्हांला सावकार आठवतो. हा अंगठा वेगळा! कोणी तुरुंगात गेला, तर त्याची पोरे बाकीच्यांनी सांभाळायची, असेही त्यात लिहिले.

पुढच्या साली धान्य कितीतरी पटींनी आले. मागाहून सरकारने हीच रीत देशभर चालू केली.

आफ्रिकेत मात्र अनेक ठिकाणी गरिबी अजून हटलेली नाही. मादागास्कर बेटावर शंभरांत सत्तरहून जास्त माणसे दरिद्री आहेत. तीही मुख्यतः भात पिकवतात, भात खातात.