गॅस आला, पण धूर गेला का?

(या भागात जे बोललो त्याचा हा मजकूर. बोलण्यातल्या अडखळण्या काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज विषय थोडा वेगळा आहे. कोड नाही, नवीन फोन नाही. आज चूल. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरातली चूल बंद करायला मला जवळपास दीड वर्ष लागलं, आणि त्यातलं पहिलं वर्ष मी चुकीच्या जागी बघत होतो. ते का, हे सांगतो.

सुरुवात आजीच्या खोकल्यापासून. आजी बहात्तर वर्षांची. खोकला जुनाच, पण मागच्या पावसाळ्यात ती विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा थांबायला लागली. रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि विचारलं, "आजी, विडी वगैरे?" आजी हसली. मग त्यांनी विचारलं, "चुलीपुढे किती वर्षं?" आजी म्हणाली, "लग्न झाल्यापासून." म्हणजे पन्नासच्या वर. निदान आलं सीओपीडी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण धूर थांबला तर पुढची घसरण कमी होईल.

आता तुम्ही म्हणाल, मग गॅस घ्या. तर गंमत अशी की गॅस आमच्याकडे बरीच वर्षं होता! कोपऱ्यात शेगडी, शेजारी बाटला. त्यावर काय व्हायचं? चहा, आणि पाहुणे आले की पोहे. भात, भाकरी, आमटी चुलीवर. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर वाडीतल्या बऱ्याच घरांत कनेक्शन आलं. पण आमच्या वाडीत तुम्ही सकाळी सहा वाजता उभे राहिलात तर कौलांतून धूर निघताना दिसेलच. शेगडी आली, चूल गेली नाही. आमच्या धंद्यातही हेच होतं ना, नवीन सिस्टिम चालू होते आणि जुनी बंद करायचं धाडस कोणी करत नाही. दोन्ही चालत राहतात.

मी पहिली लढाई स्वयंपाकाची केली. आजीचे आक्षेप ऐकून घेतले, आणि खरं सांगतो, एकही आक्षेप बावळट नव्हता. "गाडी आठवड्यातून एकदा येते, मध्येच बाटला संपला तर?" बरोबर. मग दुसरा बाटला घेतला. "आमचे टोप बुडाला गोल, शेगडीवर डुगडुगतात." बरोबर. सपाट बुडाची दोन पातेली आणि कुकर आणला. "उभ्याने स्वयंपाक मला जमायचा नाही." हा सगळ्यात मोठा. आजी आयुष्यभर पाटावर बसून रांधत आली. आणि शेगडी खाली जमिनीवर ठेवणं धोक्याचं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे शेगडी बाटल्यापेक्षा उंच हवी. मग जरा बुटका ओटा बांधला आणि तिला टेकून बसायला उंच स्टूल केलं. भाकरीची चव वेगळी लागते हे तिचं म्हणणं आजही कायम आहे, आणि मी त्यावर वाद घालत नाही.

झालं. चूल विझली. मी खूश होऊन पुण्याला परत आलो. आणि खोकला तसाच.

मग इंजिनिअरने जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी सहा महिन्यांनी केलं. मोजलं. धुरातले बारीक कण मोजणारा एक साधा सेन्सर घेतला, त्याला छोटा बोर्ड आणि मेमरी कार्ड जोडलं, कारण वाडीत नेटवर्क देवाच्या भरवशावर. दर मिनिटाला एक नोंद. स्वयंपाकघरात आजीच्या स्टुलाजवळ टांगून आठवडाभर ठेवला. आपल्याकडे पीएम २.५ चं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. माझ्या सेन्सरचा आकडा ९९९ च्या पुढे जातच नाही. असे सेन्सर वाफेलाही फसतात, भाताचं झाकण काढलं तरी आकडा उडतो, म्हणून मी आकड्यापेक्षा वेळ बघत होतो.

आणि वेळ बघून मी चक्रावलो. पहाटे साडेपाचला ९९९. संध्याकाळी सहाला परत. साडेपाचला आमच्या स्वयंपाकघरात कोणी नसतं! चूल बंद, शेगडी बंद, आणि आकडा टोकाला.

काकूला फोन लावला. म्हटलं, "काकू, पहाटे तू काय करतेस?" ती म्हणाली, "अरे, काय करणार? चुलाणं पेटवते. सगळ्यांची आंघोळीची पाणी नकोत?"

मंडळी, ते ऐकून मी गप्पच झालो. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून. आणि कौलारू घरात मधल्या भिंती वरपर्यंत जात नाहीत, आढ्याखाली सगळं मोकळं. न्हाणीतला धूर भिंतीवरून इकडे यायचा. मी स्वयंपाक बदलला होता, आणि सगळ्यात जास्त लाकूड जळत होतं पाण्याखाली! ओल्या झावळ्या, सोडणं, जे हाताला लागेल ते. रांधायच्या चुलीत निदान सुकं लाकूड जायचं.

मग पाण्याचा हिशेब मांडला. पंचवीस अंशांचं वीस लिटर पाणी पंचेचाळीसवर न्यायचं तर शेगडीवर साधारण साठ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांचं महिन्याला सात किलो. बाटला १४.२ किलोचा, म्हणजे अर्धा बाटला नुसत्या आंघोळीला. तेच विजेच्या रॉडने केलं तर माणशी अर्धा युनिट, महिन्याला साठेक युनिट. काका म्हणाले, "शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, आणि पावसात वीज असते कुठे? लाकूड बागेतलं आहे, फुकट आहे."

फुकट कोणाला, हा प्रश्न मी तेव्हा विचारला. जरा आवाज चढवूनच विचारला, ते चुकलं. पण लाकूड आणतं कोण, फोडतं कोण, फुंकणी घेऊन खाली वाकतं कोण? आजीचं व्हायचं ते झालं. काकू अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिचं व्हायचंय. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः न्हाणीत गेले आणि डोळे चोळत बाहेर आले. मला वाटतं, माझ्या सेन्सरपेक्षा त्या सकाळचा उपयोग जास्त झाला.

तोडगा काय निघाला? फार हुशारीचा नाही. माळ्यावर पणज्याचा तांब्याचा बंब पडून होता. कल्हई करून घेतली. बंब ही खरंच डोकेबाज वस्तू आहे बरं का. मधून धुराची नळी जाते, भोवती पाणी, त्यामुळे उष्णता वाया कमी जाते आणि चार काटक्यांत काम होतं. तो बंब घराबाहेर, मागच्या अंगणात पत्र्याच्या पडवीत ठेवला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. आजीच्या एका बादलीपुरता रॉड आणला. बादली प्लास्टिकची, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवलाय. न्हाणीतलं चुलाणं काकांनीच फोडलं.

पुन्हा आठवडाभर सेन्सर लावला. साडेपाचचा डोंगर गेला. आकडा अधूनमधून वाढतो, शेजारच्या घरांचा धूर येतोच, पण ९९९ परत दिसला नाही.

काही गोष्टी आम्ही गमावल्या, त्याही सांगायला हव्यात. पावसात आमसुलं आणि कपडे चुलीवरच्या उबेने सुकायचे, ते आता अवघड झालंय. धुराने वासे टिकायचे, आता वाळवीकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात दिला. चूल एकाच वेळी चार-पाच कामं करत होती. ती कामं आधी मोजली नाहीत तर माणसं परत चूल पेटवणारच, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आजीचा खोकला थांबला का? नाही. इनहेलर चालू आहे. पण यंदाच्या थंडीत ती विहिरीपासून एकदाच थांबून आली. काकू म्हणते पहाटे डोळे चुरचुरत नाहीत.

तुमच्या गावच्या घरी गॅस असेल तर पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन गोष्टी करा. शेगडीच्या रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. आणि दुसरी गोष्ट, पहाटे लवकर उठा आणि आंघोळीचं पाणी कोण तापवतं, कुठे तापवतं, ते बघा. शक्य झालं तर एक दिवस तुम्हीच तापवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.