शनिवारच्या रात्रीचा कौल

शनिवारची संध्याकाळ सबंध कुटुंबाने एकाच दूरचित्रवाणी संचासमोर बसून घालवावी, हा जो दस्तूर ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याला २००४ साली आयटीव्ही वाहिनीवर सुरू झालेल्या ‘द एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेने नवे वैभव प्राप्त करून दिले. परीक्षकांनी अभिप्राय द्यावा, परंतु अखेरचा कौल प्रेक्षकांनीच दूरध्वनीवरून द्यावा, ही योजना इतकी लोकप्रिय ठरली की, २०१० सालची अंतिम फेरी सुमारे पावणेदोन कोटी लोकांनी पाहिली. तत्पूर्वी, २००९ च्या एप्रिलमधील एका शनिवारी ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या कलागुणांच्या स्पर्धेत स्कॉटलंडच्या सुझन बॉइल रंगमंचावर आल्या, तेव्हा त्यांच्या साध्या वेशाकडे पाहून हसणारे सभागृह, त्यांच्या गळ्यातून उमटलेल्या पहिल्याच ओळींनी स्तिमित होऊन, टाळ्यांचा गजर करीत उठून उभे राहिले.

पुढे मात्र इंटरनेटमुळे जो तो आपल्या सवडीने कार्यक्रम पाहू लागला, नवोदित गायकांनाही परीक्षकांच्या मध्यस्थीवाचून श्रोते लाभू लागले. परिणामी प्रेक्षकसंख्या उत्तरोत्तर घटत गेली आणि २०१८ नंतर ‘द एक्स फॅक्टर’ची नियमित मालिका झालीच नाही. तथापि, मंच कोणताही असो, होतकरू कलावंताला मनःपूर्वक दाद देण्याचे आपले रसिकांचे कर्तव्य अबाधित आहे. ते आपण अगत्याने पार पाडावे.