नळाचं दार वेगळं, जमिनीचं दार वेगळं

पालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहर येतं. आज आपण ज्या पालिकेबद्दल बोलणार आहोत, ती मात्र सगळी खेड्यांचीच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातली ही म्सिंगा पालिका. क्षेत्र सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर. मुख्य ठिकाण टुगेला फेरी.

मुलूख उष्ण, कोरडा, खडकाळ. टुगेला आणि बफेलो या मोठ्या नद्या इथे आहेत, पण त्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि बरीच घरं वर डोंगरउतारावर. पाणी दिसतं खाली, आणायचं वर. टुगेला फेरीजवळ कालव्याच्या पाण्यावर लहान लहान तुकड्यांत भाजीपाला होतो. तो पिकवणाऱ्यांत बायकाच जास्त. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जोहान्सबर्गकडे खाणींत आणि कारखान्यांत जात राहिले. घर आणि शेत बायकांनी ओढलं.

मग अशा खडकाळ जागी एवढी वस्ती कशी झाली? १८४३ साली ब्रिटिशांनी नाताळ ताब्यात घेतलं. पुढे थिओफिलस शेपस्टन या अधिकाऱ्याने आफ्रिकन लोकांसाठी राखीव पट्टे आखले. म्सिंगा त्यातलाच. चांगली जमीन गोऱ्यांकडे गेली. नाताळच्या १८९१च्या कायद्याने तर आफ्रिकन बाईला कधी सज्ञानच मानलं नाही. आधी बाप, मग नवरा, नंतर मुलगा तिचा पालक. १९१३च्या जमीन कायद्याने देशातली जेमतेम ७ टक्के जमीन आफ्रिकनांसाठी ठेवली. वर्णभेदाच्या काळात म्सिंगा ‘क्वाझुलू’ नावाच्या वेगळ्या प्रदेशात घातलं गेलं.

१९९४ साली सर्वांना मताचा हक्क मिळाला. २००० साली देशभर नव्या हद्दी आखून पालिकांच्या निवडणुका झाल्या. म्सिंगाच्या बायका आपला नगरसेवक निवडू लागल्या.

पण जमीन पालिकेकडे आली नाही. १९९४च्या निवडणुकीच्या अगदी तोंडावर क्वाझुलूची सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टच्या नावे झाली होती. तिचा विश्वस्त झुलू राजा. म्सिंगातली बहुतेक जमीन पारंपरिक प्रमुखांच्या अखत्यारीत आहे. म्हणजे पाण्यासाठी जिल्हा पालिका, गावातल्या रस्त्यासाठी स्थानिक पालिका, आणि घराच्या जागेसाठी प्रमुख आणि त्याचं मंडळ. एकाच बाईला तीन दारं! २००३च्या कायद्याने या पारंपरिक मंडळांत एक तृतीयांश बायका हव्यात असं ठरवलं, ते याचसाठी महत्त्वाचं.

२००७ नंतर ट्रस्टने नवीनच सुरू केलं. लोकांच्या जुन्या वहिवाटीच्या हक्काऐवजी भाडेपट्टे करायला लावले. आपल्याच वाडवडिलांच्या जागेचं दरवर्षी भाडं! शिवाय पट्ट्यासाठी बाई गेली की, घरातला पुरुष घेऊन ये, असं ऐकावं लागे. सिझानी न्गुबाने यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण महिला चळवळीने इतरांच्या साथीने कोर्टात दाद मागितली. डिसेंबर २०२० मध्ये सिझानीताई वारल्या. निकाल लागला ११ जून २०२१ ला. पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने ते पट्टे बेकायदा ठरवले आणि घेतलेलं भाडं परत करा असं सांगितलं.

सख्यांनो, मत मिळालं म्हणून जमीन मिळत नाही, आणि नळ आला म्हणून घर आपल्या नावावर होत नाही. प्रत्येक हक्काचं दार वेगळं असतं, ते आधी ओळखावं लागतं. आमच्या गटांनी ठरवलंय, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की प्रत्येकीने सांगायचं: घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं, शेताच्या सातबाऱ्यावर कुणाचं, आणि ते बदलायचं तर कुणाकडे जायचं. तुमच्या गटातही विचारून बघा. जिला सांगता येणार नाही, तिच्यासोबत दोघींनी तलाठ्याकडे जायचं. एकटीला पाठवायचं नाही.