विश्वस्ताचें घर कोठें?

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. भिवंडींत त्याचे यंत्रमागांचे चार गाळे आहेत. आतां ते त्यानें भाड्यानें दिले आहेत. त्याला अपत्यें दोन. मुलगा कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. मुलगी सज्ञान असली तरी तिला जन्मभर कोणाचा तरी आधार लागणार. तो म्हणाला, "गुरुजी, गाळ्यांचा ट्रस्ट करून ठेवतों. विश्वस्त मुलगाच होईल. बहीण-भाऊ दोघांपैकीं ज्याला जितकें लागेल तितकें तो ठरवील. मसुदा एकदां आपल्या नजरेखालून जावा."

मी वकील नाहीं. मुलांना गणित शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मॅट्रिक झालेला मास्तर आहें. तरी मसुदा वाचतांना एक प्रश्न मनांत आला, आणि त्याचाच विचार आज आपणांपुढें मांडणार आहें. कर घेणारा प्रथम विचारतो, "तुम्ही राहतां कोठें?" माणसाला याचें उत्तर देतां येतें. ट्रस्टानें तें कसें द्यावें?

ट्रस्टाला हातपाय नाहींत. १८८२ सालच्या कायद्याप्रमाणें मालमत्तेची मालकी विश्वस्ताकडे असते आणि लाभ लाभार्थ्याकडे जातो. तेव्हां ट्रस्टाचें घर शोधावयाचें तर तीन माणसांच्या दारीं जावें लागतें : तो निर्माण करणारा, तो सांभाळणारा आणि त्याचा लाभ घेणारा.

आपल्याकडे हा प्रश्न राज्याराज्यांत उठत नाहीं. घटनेनें शेतीच्या उत्पन्नावरील कर राज्यांकडे आणि इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे दिला आहे. भिवंडीचा मनुष्य सुरतेस राहावयास गेला म्हणून त्याचा प्राप्तिकर बदलत नाहीं. एके काळीं मात्र तसें नव्हतें. आज पालघर जिल्ह्यांत असलेलें जव्हार हें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत संस्थान होतें, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकर तेथें लागू नव्हता. १९३९ सालच्या दुरुस्तीनें करदात्याच्या रहिवासास आमच्या कायद्यांत विशेष महत्त्व आलें. आज एका आर्थिक वर्षांत १८२ दिवस भारतांत राहणारी व्यक्ति रहिवासी ठरते. याखेरीज दुसऱ्याही कसोट्या आहेत. रहिवाशास जगभरच्या उत्पन्नावर कर. अनिवासी माणसास येथें झालेल्या वा येथें मिळालेल्या उत्पन्नावर. म्हणजे विश्वस्त कोठेंही राहो, भिवंडीच्या गाळ्याचें भाडें येथील करांतून सुटत नाहीं.

मग दर कोणता? १९६१ सालच्या कायद्याचें तत्त्व सोपें होतें : लाभार्थ्याचा हिस्सा ठरलेला असेल, तर विश्वस्तानें त्याच्याच दरानें कर भरावा. हिस्सा अनिश्चित ठेवला, तर कांहीं अपवाद सोडून कर सर्वांत वरच्या पायरीनें लागतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ सालच्या कायद्यानें जुन्याची जागा घेतली. तत्त्व तेंच राहिलें. माझ्या विद्यार्थ्याच्या मसुद्यांत "ज्याला जितकें लागेल तितकें" हे शब्द होते. तेवढ्या शब्दांनीं मुलीच्या अन्नांतला मोठा घांस कराकडे गेला असता.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें केंद्राखेरीज बहुतेक राज्येंही प्राप्तिकर घेतात. टेक्सास व फ्लोरिडा यांसारखीं थोडीं घेत नाहींत. प्रत्येक राज्याची कसोटी निराळी. न्यू यॉर्क मुख्यतः ट्रस्ट करणाऱ्याचें कायम निवासस्थान पाहतें. उत्तर कॅरोलिनानें केवळ लाभार्थी आपल्या राज्यांत राहतो म्हणून केस्टनर कुटुंबाच्या ट्रस्टाकडून तेरा लाख डॉलरांहून अधिक कर घेतला. त्या वर्षांत लाभार्थ्यांस एक पैही मिळाली नव्हती, आणि ती मागण्याचा त्यांना अधिकारही नव्हता. २१ जून २०१९ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो कर घटनाबाह्य ठरविला.

कॅलिफोर्निया मात्र विश्वस्ताचेंही घर पाहतें. सर्व विश्वस्त तेथील रहिवासी असतील, तर ट्रस्टानें हातीं राखलेल्या सर्व उत्पन्नावर तें राज्य कर मागतें, मग तें उत्पन्न भिवंडींतलें कां असेना. दोहोंपैकीं एक विश्वस्त तेथला असेल, तर सामान्यतः निम्म्यावर. शिवाय भारतांत भरलेल्या कराची वजावट तें राज्य देत नाहीं. मुलीच्या आजारपणासाठीं म्हणून शिल्लक ठेवलेल्या रुपयावर असा दोन ठिकाणीं कर बसता.

हें ऐकून माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, मुलाचें नांव काढलें तर त्याला वाटेल, बापाचा विश्वास नाहीं." मीं म्हटलें, "बाळ, आजच त्याला फोन कर आणि कारण सांग. बहिणीची काळजी घेण्यास त्याला विश्वस्तपदाची गरज नाहीं. पण त्याचें घर तेथें आहे, ही गोष्ट प्रेमानें बदलत नाहीं."

त्यानें तसें केलें. मुलगा रागावला नाहीं, उलट म्हणाला, "बाबा, हें मला अगोदरच विचारावयास हवें होतें." नव्या मसुद्यांत भाड्याचें सर्व उत्पन्न मुलीच्या हयातीपर्यंत एकट्या तिचेंच आहे. विश्वस्त म्हणून कल्याणास राहणारा तिचा चुलतभाऊ आणि येथील एक जाणकार शेजारी. मलाही विचारलें होतें. मीं नको म्हटलें. मी साठी ओलांडलेला. त्या मुलीला पुढें पुरेल असा तरुण मनुष्य हवा.

श्रोतेहो, ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशीं घरें आज गांवोगांवीं आहेत. ट्रस्ट करण्यापूर्वीं करणाऱ्याचें, सांभाळणाऱ्याचें आणि घेणाऱ्याचें अशीं तिघांचीं राहण्याचीं ठिकाणें कागदावर मांडा, आणि तो कागद दोन्ही देशांच्या जाणकारांस दाखवा. सही त्यानंतर करावी.