वेगळा बॉक्स की टीव्हीतलाच?

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीसारख्या गावात नवा टीव्ही घेताना सेट-टॉप बॉक्स वेगळा घ्यावा, की टीव्हीतच असलेला?

भारतीय मानक ब्युरोने अंगभूत सॅटेलाइट ट्यूनरच्या टीव्हींसाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक आणलं. अशा टीव्हीच्या मागच्या सॉकेटला डिशच्या छत्रीची वायर जोडली, की दूरदर्शनच्या २००४ पासूनच्या मोफत डीटीएच सेवेवरच्या खुल्या वाहिन्या लागतात. सह्याद्री वाहिनीही त्यात आली. रिमोट एकच, महिन्याचं भाडं नाही.

सशुल्क वाहिन्यांना मात्र त्या त्या कंपनीचा बॉक्स लागतोच.

वेगळा बॉक्स बिघडला तर तेवढाच बदलता येतो. आतला ट्यूनर गेला तर अख्खा टीव्ही दुरुस्तीला न्यावा लागतो. अंगभूत ट्यूनर हवा असल्यास खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ लिहिलंय का, ते दुकानातच पाहावं.